परसातल्या कोळिणीचा फोटो

एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा आठवतो, आणि दुसरा सांगेपर्यंत तिसरा अंगावर चढतो. परसातल्या किड्यांचं आणि त्यांच्या किश्शांचं वागणं अगदी सारखं!

आमचं घर गिरगावात, वाडीच्या टोकाला. मागे लहानसं परस. लिंबू, जास्वंद, थोडं अळू. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात ह्यांनी कॅमेरा घेतला. तो घेऊन ट्राममध्ये चढले, तेव्हा ट्राम ओढणाऱ्या घोड्यानंही मान वळवून पाहिलं म्हणे! मग घरची माणसं सोडून हे किड्यांचे फोटो काढू लागले. किडे शोधून द्यायचं काम माझं. मुलींच्या शाळेत इंग्रजीपर्यंत शिकले होते, त्याचा एवढा तरी उपयोग!

* * *

पहिला फोटो लिंबावरच्या हिरव्या अळीचा. फोटो निघणार ही बातमी वाडीत पसरली आणि शेजारच्या ताराबाई पैठणी नेसून, नथ घालून थेट लिंबापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, जरा बाजूला सरता?" हे काळ्या कापडाखालून म्हणाले. "अळी झाकली जातेय."

कितीतरी दिवस ताराबाई बोलत नव्हत्या. मग एकदा विहिरीवर फणकाऱ्यानं म्हणाल्या, "नेसायला चिंधी नाही तिला, आणि फोटो तिचा!"

* * *

फोटो उमटायचा काचेच्या प्लेटवर, आणि त्या प्लेटा पेटीनं विकत आणाव्या लागत. प्लेट धुवायला अंधार लागतो, म्हणून न्हाणीघरात लाल कंदील ठेवलेला. पसरट भांडंही लागतं. ह्यांनी गुपचूप सासूबाईंची चिनी मातीची बशी उचलली. मुरांबा वाढायची!

बशीला औषधाचा वास आला आणि सासूबाईंनी निकाल दिला, "ह्या पेटीतल्या काचा संपल्या की ते तीन पायांचं भूत माळ्यावर! पुन्हा पेटी आणायची नाही."

हे "बरं" म्हणाले, पण चेहरा एवढासा झाला. जास्वंदीवर पिवळ्या पट्ट्यांची एक मोठी कोळीण होती. तिचा एक तरी नीट फोटो मिळावा म्हणून जीव टाकत होते, आणि दर वेळी वारा जाळं हलवायचा.

* * *

एकदा अळवावर नाकतोडा बसला होता. "कुणीही हलायचं नाही!" ह्यांनी दरडावलं. सासूबाई आणि मी पुतळ्यासारख्या उभ्या. तेवढ्यात ह्यांच्याच धोतरात मुंगळा शिरला. हे असे नाचले, की कॅमेरा अळवात!

नाकतोडा जागच्या जागी.

सासूबाई म्हणाल्या, "घरात ह्याचं ऐकणारा तेवढा एकच!"

* * *

एका रात्री ताटावर मी सांगितलं, "आज कोळिणीनं नवऱ्याला खाल्लं."

ह्यांचा घास हातातच राहिला. "का?"

"का ते नाही कळलं. लग्न लागलं, आणि लगेच त्याला गुंडाळून खाल्लं."

सासूबाई आमटी वाढत होत्या. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "घरात सासू नसली की असंच होतं."

* * *

शेवटी पेटीत एकच प्लेट उरली. रविवारची सकाळ, स्वच्छ ऊन, वारा पडलेला. कोळीण जाळ्याच्या मधोमध पाय पसरून बसलेली. ह्यांनी कॅमेरा लावला, डोक्यावर कापड घेतलं. मी श्वास रोखला.

इतक्यात सासूबाई लगबगीनं आल्या आणि भिंगावर तळहात ठेवला!

"अरे, तिचं पोट बघ! दिवस भरलेत. अशात कुणी फोटो काढतं का? दृष्ट लागायची."

"आई, अगं कोळीण आहे ती!"

"मग? मोकळी होऊ दे. लेकरांसकट काढ."

ह्यांनी मुकाट्यानं कॅमेरा आवरला. पुढे कोळिणीनं पानाआड रेशमी पुडी विणली. सासूबाई पूजेची फुलं काढायला गेल्या की आधी तिथे डोकावत. त्या फांदीची फुलं देवाला मिळेनाशी झाली.

एका सकाळी पुडी फुटली. मोहरीएवढी पिल्लं, शेकडो, फांदीभर! हे हापिसाचा अंगरखा अर्धाच चढवून कॅमेरा घेऊन धावले. शेवटची प्लेट आत सरकवणार, तर सासूबाई शेजारी येऊन उभ्या. त्यांनी आधी पिल्लांकडे पाहिलं, मग त्या काचेकडे.

"एवढं गोकुळ एका काचेवर मावेल होय रे? संध्याकाळी येताना दुसरी पेटी घेऊन ये!"