दोन पट्ट्यांमधली फट

पॅनेलचं दार उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. तांब्याच्या ज्या दोन पट्ट्यांमध्ये मी मुद्दाम फट ठेवली होती, त्या कुणीतरी एकमेकींवर दाबून घट्ट आवळल्या होत्या.

कारंजा गावातल्या त्या जिनिंग कारखान्याचं विजेचं पॅनेल मी बनवलेलं होतं. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या, शेठजी मुहूर्ताचा नारळ हातात घेऊन उभे. आणि पॅनेलला लागूनच सरकी काढायचं जे मशीन, त्यावर कापूस टाकायला माझी आई. माझं सगळं शिक्षण तिनं तिथंच राबून केलं.

"मिस्तरी, हे कोनं केलं?"

"मीच केलं, मॅडम. फटीत कापसाची रुई बसते. रुई बसली का भडका. म्हून फट बुजवली."

आता काय बोलावं! जिनिंगमध्ये उभा जन्म गेलेला माणूस, फट दिसली की बुजवणारच. आगीच्या भीतीनं केलं बिचाऱ्यानं, आणि आगीचीच सोय करून ठेवली.

एसी करंट जाड पट्टीच्या पोटातून सारखा जात नाही. तो अंगालगत, त्यातही कडांकडे गर्दी करतो. पोटातलं तांबं अर्धंमुर्धंच कामाला येतं. गोल तारेचं गणित सूत्रात बसतं, चौकोनी पट्टीचं नाही बसत. तिचे कॉम्प्युटरवर बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकात किती करंट ते काढायचं, डोळे फुटेस्तोवर. मी ते केलं होतं, पण दोन सुट्या पट्ट्यांसाठी. चिकटल्या की झाली एकच जाड पट्टी, मधून हवासुद्धा नाही. पूर्ण लोडवर ती किती तापेल, मला सांगता येत नव्हतं.

पट्ट्या पुन्हा सुट्या कराव्या लागतील, मी सांगितलं. "संध्याकाळी खोलजा," शेठजी म्हणाले. "मुहूर्त टळून राह्यला. तांबं तं तेवढंच हाये ना?"

मी तडक आईकडे गेले. डोक्याला रुमाल बांधून ती तयारच होती.

"आई, तू घरी जा. आत्ताच्या आत्ता."

"काहून?"

"पट्टी तापली तर आग लागेल."

तिनं शेजारच्या मशीनवरच्या बायांकडे पाहिलं. "मंग या बायायले काहून नाही सांगून राह्यली?"

मी तशीच परत आले, मेन स्विच बंद करून त्याला माझं कुलूप ठोकलं आणि किल्ली मुठीत धरली. शेठजी भडकले, नाही नाही ते बोलले. बोला म्हटलं, किती बोलायचं ते! मिस्तरीनं मात्र पाना उचलला. पट्ट्यांमधली फट मोकळी केली. रुईची त्याची भीती खरीच होती, म्हणून पॅनेलच्या दाराला चारी बाजूंनी रबर लावून घेतलं. मुहूर्त गेला तो गेलाच.

मशीनं सुरू झाली. मी तापमान मोजायची गन पट्टीवर रोखून उभी. आकडा चढत होता आणि माझा माझ्याच गणितावर भरवसा उरला नव्हता. आई पाठमोरी कापूस टाकत होती. तिच्या पाठीकडे बघायची हिंमत होईना.

आकडा माझ्या गणितातल्या मर्यादेच्या आत थांबला. हलेचना.

मी आईला हातानं खूण केली, सगळं ठीक आहे म्हणून. तिनं पाहिलं, पण हसली नाही. नुसती मान वळवून बाकीच्या बायांकडे दाखवलं.

मग मी एकेकीजवळ जाऊन सांगितलं.