केतकी उडी मारत नाही

दीक्षा मूळची यवतमाळची. नोकरी हिंजवडीत, खोली सदाशिव पेठेत. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणं हे तिचं काम, आणि ही सवय ऑफिसात ठेवून येणं ती कधी शिकलीच नाही. २००४च्या गणपतीत आमच्या मंडळाच्या जिवंत देखाव्यात तिने राजकन्या केतकीचं काम घेतलं. बौद्ध घरातली मुलगी. आरतीच्या वेळी मांडवाबाहेर उभी राहायची, देखाव्याला मात्र वेळेवर हजर.

देखावा जुन्या काळातला. रणसिंग नावाचा शूर घोडेस्वार शत्रूच्या मुलीवर, केतकीवर, जीव टाकतो, तिच्या बापाच्या भाल्याने मरतो आणि ती बुरुजावरून उडी घेते. संवाद सगळे आधीच रेकॉर्ड केलेले. नटांनी नुसते ओठ हलवायचे. साउंड माझ्याकडे. रणसिंग झाला होता दिग्विजय, मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव यांचा मुलगा. ओठ हलवता हलवता दोघांचं खरंच जमलं, हे तालमीत चहा आणणाऱ्यालाही कळलं.

हिंमतराव रोज पहिल्या रांगेत उभे राहून शेवटाला उपरण्याने डोळे पुसत. घरी मात्र मुलाला म्हणाले, "मुलगी गुणाची आहे, पण आपल्यात बसत नाही. विसर्जन झालं की हिंदुरावांच्या मुलीशी तुझा साखरपुडा." दिग्विजय मान खाली घालून ऐकून आला, आणि तसंच ते दीक्षाला आणि मला सांगितलं. स्टेजवर तलवार फिरवणाऱ्याची ही तऱ्हा! मला तर असा संताप आला.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा खेळ. रणसिंग पडला. स्पीकरमधली केतकी किंचाळली, "नाथ, मीही येते!" दीक्षा बुरुजावर चढली आणि ओठ मिटून उभी राहिली. किंकाळी संपली, करुण सनई सुरू झाली, तरी बाई हलेना.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "अहो, उडी मारताय, की आम्ही पुढचा गणपती बघायला जाऊ?"

दीक्षाने मला बंद कर अशी खूण केली. मी आनंदाने बंद केलं.

"मी उडी मारणार नाही," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज गर्दीने पहिल्यांदाच ऐकला. "काका, या मेलेल्या दोघांसाठी तुम्ही रोज रडता. आम्ही जिवंत आहोत, तर आम्ही चालत नाही. नाही चाललो तर नाही. परवा मी लग्नाची नोटीस द्यायला जाणार आहे. दिग्विजय, येणार असशील तर ऊठ. नसशील तर तसाच पडून राहा."

रणसिंग पडलेलाच.

हिंमतराव गरजले, "खबरदार दिग्या! मेलायस तू!"

आणि तो उठला.