नाकवाले

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. कॉम्प्रेसरचं तेल बघायचं, आत साचलेलं पाणी सोडायचं, मग हवेच्या टाक्या भरायला लावायच्या. एक टाकी पंधरा किलोची. रोज चाळीस उचलायच्या, चाळीस ठेवायच्या. अशी एकवीस वर्षं. प्रवाळ बघायला येणारे पाहुणे त्या पाठीवर बांधून समुद्रात उतरत. तो स्वतः कधी उतरला नाही.

टाकी भरली की तो व्हॉल्व्ह जरासा उघडून हवा हुंगायचा. तेलाचा, धुराचा वास आला तर टाकी रिकामी करायचा. नियम कुठे लिहिलेला नव्हता. त्याचा शिरस्ता होता. सगळे त्याला ‘नाकवाले’च म्हणत.

गेल्या वर्षी ताप आला आणि वास गेला. साबण, मासळी, डिझेल, सगळं सारखंच. त्याने घरी सांगितलं नाही, मालकाला तर नाहीच. टाक्या मात्र हुंगत राहिला.

त्याची मुलगी त्याच डायव्हिंगच्या दुकानातून पाहुण्यांना समुद्राखाली न्यायची. जेवताना सांगायची, “आज पोपटमासा प्रवाळ खात होता. कुरकुर आवाज येतो, बाबा. तुम्ही टोस्ट खाता तसा.” तो मान हलवायचा. जेवणाला चव नसायची.

एका सकाळी होडीवाल्याने इंजिन चालू ठेवून होडी अगदी कॉम्प्रेसरच्या खोलीच्या खिडकीखाली लावली. कॉम्प्रेसर हवा ओढतो ती नळी त्याच खिडकीबाहेर. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्याला इंजिन ऐकू आलं नाही. बारा टाक्या भरल्या. बाराही हुंगल्या.

मुलीने आपल्या टाकीला नळी जोडली, एक श्वास घेतला आणि नळी तोंडातून काढली.

“बाबा, धूर आहे.”

“नाही गं.”

“हुंगा बरं.”

त्याने हुंगलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“कधीपासून?”

“त्या तापापासून.”

“आणि मी रोज खाली जातेय.”

होडीवाला म्हणाला, “काय नाकवाले, सर्दी झाली का?” कुणी हसलं नाही.

त्याने बाराही टाक्या एकेक करून सोडल्या. पाहुणे त्या दिवशी उथळ पाण्यात चष्मा लावून, तरंगत मासे बघत राहिले. मग तो आपणहून मालकाकडे गेला आणि सगळं सांगितलं.

“आधी सांगायला काय झालं होतं?” मालक म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो पाहुण्यांचे रबरी पोशाख धुऊ लागला. पगार निम्मा. घरी जेवताना मुलगी माशांचं काही बोलेना.

आठ महिन्यांनी त्याने त्या पगारातून मुठीएवढं यंत्र आणलं. टाकीतली हवा त्यावर सोडली की विषारी धूर किती ते आकड्यात दिसतं. कॉम्प्रेसरशेजारी खिळा ठोकून त्याने ते टांगलं. मुलीने आपली टाकी लावली. शून्य आलं. तिने टाकी पाठीवर घेतली आणि ती होडीकडे गेली.