दोन गावांची मगरीब

पालघर जिल्ह्यात आमच्या टेलरमास्तरांइतका वेळेचा पक्का माणूस दुसरा नाही, आणि त्यांच्याकडून आजवर एकही कपडा कुणाला वेळेवर मिळालेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात, हे कळायला मला, म्हणजे जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला, बरेच ब्लाऊज शिवून घ्यावे लागले. मास्तर घड्याळातला आकडा कधी सांगत नाहीत. त्यांचा दिवस पाच नमाजांनी आखलेला. "बाई, असर झाली की या," म्हणाले की पाचच्या सुमाराला जायचं, हे मी हळूहळू शिकले. माझ्यासारखीच सगळी गिऱ्हाइकं शिकली. महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांत विवळवेढ्याहून नव्या शर्टासाठी आलेले एक आजोबा दुकानाच्या पायरीवर बसून दुसऱ्या गिऱ्हाइकाला समजावत होते, "घाई करून काय उपेग? मगरीब व्हायची हाय अजून." सूर्य बुडाला, मगरीब झाली, पुढे रात्रीची इशाही झाली आणि मग आजोबांना शर्ट मिळाला. त्याच्या एका बाहीला बटण नव्हतं.

उशिराचं खरं कारण दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे. तिथे दोन वेळापत्रकं आहेत. एक आपल्या मशिदीचं छापील, आणि दुसरं मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात उतरवलेलं, मालदीवमधल्या एका बेटाचं. त्या बेटावर त्यांची मुलगी नर्स आहे. तिथे अजान झाली की दुकानदार पंधरा मिनिटं दुकान बंद ठेवतात, असं मास्तरांच्या कानावर आलं आणि तेव्हापासून आमच्या डहाणूतलं हे शटरही अजानच्या वेळी अर्धं खाली येऊ लागलं. आपल्या अजानला येतं आणि बेटाच्या अजानलाही. गळ्याचं माप अर्धवट असताना मी एकदा आतच अडकले आहे. डहाणूच्या वेळेला ते मशिदीत जातात. बेटाच्या वेळेला मात्र कुठेच जात नाहीत. टोपी घालून स्टुलावर बसतात आणि समोरच्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहतात.

त्या बेटाबद्दल ते बोलू लागले की मशीनवरचा पाय हळू होतो, सुई कापडात रुतून थांबते, आणि ऐकणाऱ्यालाही आपण कशासाठी आलो होतो ते आठवेनासं होतं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत दहा मिनिटं. पांढऱ्या वाळूच्या गल्ल्या, इतक्या स्वच्छ झाडलेल्या की चपलांचे ठसे मोजावेत. शुक्रवारी दुपारी सगळं बेट मशिदीत, बाहेर फक्त बांधून ठेवलेल्या होड्या आणि वारा. "समुद्र आपल्याकडेही आहे की," मी एकदा म्हटलं. "आपला एका बाजूला आहे, बाई," मास्तर म्हणाले, "तिचा चारी बाजूंनी." हे सगळं ते पाहिल्यासारखं सांगतात. प्रत्यक्षात ते वलसाडच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत.

आणि ज्या मुलीपायी हा खटाटोप, तिच्याशी ते तीन वर्षं एक अक्षर बोलले नव्हते. तिने तिकडच्याच एका होडीवाल्याशी लग्न केलं आणि केल्यावर कळवलं. मास्तर फोनवर "ठीक आहे" म्हणाले, ते शेवटचं. मुलगा वाईट नव्हता, पण विचारलं नाही याचा घाव होता, आणि हट्ट म्हणाल तर मास्तरांचा हट्ट इस्त्रीनेही मोडायचा नाही. मास्तरांच्या पत्नी, आमच्या चाची, रोज आतल्या खोलीतून मुलीशी बोलायच्या. तेवढा वेळ बाहेर मशीन बरोबर बंद पडायचं. चाचींनी फोन ठेवला की लगेच सुरू व्हायचं, आणि आम्ही गिऱ्हाइकं काहीच न कळल्यासारखं करायचो.

गेल्या श्रावणात, मी शटरच्या आत दुसऱ्यांदा अडकले असताना, वेळ जाईना म्हणून ते हाताने लिहिलेलं वेळापत्रक वाचलं. मग घड्याळ पाहिलं. "मास्तर, या वेळा कुठल्या घड्याळाच्या?" मी विचारलं. "तिथल्याच. मुलीने सांगितल्या, हिने लिहून घेतल्या, मी त्यावरून उतरवल्या." माझ्यातली मास्तरीण गप्प बसती तर बरं झालं असतं. मी सांगून टाकलं की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असतं. कागदावरच्या सहा वाजून दहा मिनिटांना इथे सहा चाळीस होतात.

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे मी इथे बसायचो तेव्हा तिची नमाज नसायची?"

"अर्धा तास बाकी असायचा."

"तीन वर्षं?"

मी मान हलवली. "तिचं एवढंच तर ठाऊक होतं मला," ते म्हणाले. मला माझ्या भूगोलाचा इतका राग कधी आला नव्हता.

चूक भरून काढायची म्हणून मी घरून वही आणली आणि दोन्ही गावांचा वर्षभराचा सूर्यास्त मांडायला बसले. डहाणू आणि ते बेट जवळजवळ एकाच उभ्या रेषेवर, त्यामुळे दुपारची जोहर रोजच जुळते, असं मी उत्साहाने सांगितलं. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. "दुपारी माणूस कामात असतो, बाई. लेकरू आठवतं ते मगरीबला." मगरीब मात्र उन्हाळ्यात तिची आधी, हिवाळ्यात आपली आधी. मग वहीत सापडलं, की नवरात्रात एक संध्याकाळ अशी येते जेव्हा दोन्हीकडे सूर्य एकाच मिनिटाला बुडतो. मास्तरांनी ती तारीख खडूने टेबलाच्या कडेवर लिहिली. "त्या दिवशी करीन फोन," ते भिंतीला म्हणाले. आत चाचींनी चालू नळ बंद केला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. गल्लीच्या टोकाला गरब्यासाठी माईक तपासत होते. मास्तर मशिदीतून आले, स्टुलावर बसले, फोन हातात धरून दोनदा खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"अब्बा?"

"नमाज झाली?"

"आत्ताच झाली."

"माझीपण आत्ताच झाली."

तीन वर्षांचं कुणीच काढलं नाही. शेवटी मास्तरांनी त्यांना येत होतं तेच विचारलं. "कपडे कोण शिवतं तुझे?"

"इथला शिंपी बरा नाही, अब्बा. घट्ट करतो."

"मी पाठवतो शिवून. माप जुनंच ना?"

"नाही अब्बा. सध्या दर महिन्याला बदलतंय."

चाची दारात उभ्या होत्या, त्यांना आधीच ठाऊक असणार. मास्तरांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी नुसतं "अल्लाह" म्हटलं आणि गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरली. "सैल शिवतो," ते म्हणाले, "खूप सैल शिवतो."

फोन संपला. मग त्यांनी मला विचारलं, "उद्यापासून तिची मगरीब आपल्यापेक्षा उशिरा होत जाणार ना, बाई?"

"हो. थोडी थोडी. होळीच्या सुमाराला परत जुळेल."

"तोवर ती तिथे आणि मी इथे, वेगवेगळ्या मिनिटांना," मास्तर म्हणाले. मग स्वतःशीच ठरवल्यासारखे म्हणाले, "फोन मी तिची झाल्यावरच करत जाईन. माझी आधी होऊ दे. मी बसून राहीन."