आप्पांचे कान आणि तिसरा सिलिंडर

आप्पांना पोहरादेवीचं दर्शन घडवायचं, हे घरी सांगायचं कारण. माझ्या मनात दुसरंच होतं, ते आधीच कबूल करून टाकते. आप्पा म्हणजे माझे वडील, बस डेपोच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले, कानाला मशीन लावा. आप्पा म्हणाले, "गाडी गेटातून आत शिरली की नुसत्या आवाजावर कुठली ते सांगायचो मी. आता कानात भोंगा घालून फिरू?" विषय संपला. तेव्हापासून आमचा टीव्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जातो आणि आप्पा चारचौघांत असूनही एकटेच बसतात. मला ते बघवत नाही. दोन दिवस गाडीत फक्त आम्ही दोघं, तेवढ्यात त्यांना राजी करायचं असा माझा बेत होता.

पोहरादेवीचंही खरं होतं म्हणा. नोकरीच्या सुरुवातीला ते वाशिमला होते. यात्रेत दरवर्षी तिथं ड्युटी लागायची, पण बंद पडलेल्या गाड्यांतून डोकं वर निघेल तेव्हा ना! देवीच्या दारात राहून दर्शन कधी झालंच नाही.

संभाजीनगरहून सकाळी सातला निघालो. आमची गाडी चोवीस वर्षांची, चार सिलिंडरची, पेट्रोलवाली. तिची सर्व्हिसिंग आप्पा स्वतःच करतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. समृद्धी महामार्गावर तिला पळवायला माझा जीव होईना, म्हणून जालना, सिंदखेडराजा, मेहकर असा जुना रस्ता धरला. रस्ता चांगला आहे, गावांमधून जाताना मात्र गतिरोधकांवर लक्ष ठेवा, पुष्कळदा रंग उडालेला असतो. मेहकरपर्यंत मी मशीनचा विषय तीनदा काढला. तिन्ही वेळा आप्पांना नेमकं ऐकू आलं नाही.

दुपारी वाशिम. बसस्टँडजवळ बरी लॉज आहेत, पण खोली मागच्या बाजूची मागा, पुढे हॉर्नचा कालवा असतो. आम्हाला पुढची मिळाली. आप्पा झकास झोपले, मी नाही. जेवण म्हणाल तर ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा, दोघांचं मिळून तीनशेच्या आत. ठेचा जपून घ्या.

दुसऱ्या दिवशी पोहरादेवीला मंगरुळपीर-मानोऱ्याच्या रस्त्यानं जायचं होतं. पण आप्पांना आधी अनसिंगकडचा भाग बघायचा होता, तिथल्या फेऱ्यांवरच्या गाड्या त्यांनी कितीदा ओढून आणल्या होत्या. हवेत गारवा, दोन्हीकडे तूर, मधेच हरभरा. छान चाललं होतं आणि अनसिंगच्या अलीकडे गाडी थडथडायला लागली. चढावर दम लागल्यासारखी अडखळायची, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नव्हता.

"आप्पा, मिस मारतेय!"

"काही नाही. चांगली चाललीय."

"अहो, सगळी गाडी हलतेय!"

"रस्ता खराब आहे."

रस्ता उत्तम होता. मी रागानं गाडी बाजूला घेतली. तिथं एक जोडपं बाजारासाठी मेथी-पालकाच्या जुड्या बांधत बसलं होतं, रेखाताई आणि गजाननभाऊ. मागेच त्यांचा भाजीचा मळा. इंजिन चालूच होतं. रेखाताई उठून आल्या आणि आप्पांच्या तोंडासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काकाजी, गाडी मिसिंग मारून राह्यली न! तुमाले आयकू येत नाही काय?"

आमच्या घरात दोन वर्षांत हे इतकं सरळ कोणी म्हणालं नव्हतं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण आप्पा हळू म्हणाले, "नाही येत."

आणि लगेच गाडीच्या मागे गेले, उकिडवे बसले आणि धुराच्या नळीपाशी तळहात धरला. "कानानं नाही तर हातानं बघू. एकेका प्लगची वायर काढा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन आणखी खाली पडेल, धुराचे ठोके हाताला मंद लागतील. जो आधीच मेलाय, त्याला काही फरक पडणार नाही."

मी ॲक्सिलरेटरवर. गजाननभाऊंना मोटारसायकल खोलायची सवय, पायात रबरी बूट, हातात कोरडं फडकं, ते बोनेटपाशी. निरोप ओरडून पोचवायला रेखाताई मध्ये. पहिली वायर काढली, इंजिन कण्हलं. "पडलं," आप्पा म्हणाले, "लावा परत." दुसरीलाही तेच.

"आता तिसरी काढा."

"काढली जी!"

"अहो, काढा म्हणतो ना!"

"काढलीच हाये, काकाजी!" रेखाताई कंबरेवर हात ठेवून ओरडल्या. "कितीक डाव सांगू?"

आप्पांनी हाताकडे बघितलं आणि चेहरा उजळला. "मग तोच!"

चौथीही काढून खात्री केली. मग इंजिन बंद करून तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात घातला. पुन्हा सुरू करून बघितलं, तरी मेलेला तिसराच. म्हणजे प्लग चांगला, संशय वायरवर. रेखाताईंनी कान लावला. "टिकटिक वाजून राह्यलं आतून. पन कुठून, ते कळत नाही."

"पाण्याचा फवारा आहे का? औषधाचा नको."

होता की! मेथी बाजारात पोचेपर्यंत टवटवीत राहावी म्हणून रेखाताई जुड्यांवर ज्यानं पाणी मारत होत्या, तोच. आप्पांनी वायरीवर जरा जरा शिंपडलं. एका जागी शिंपडल्याबरोबर निळी ठिणगी चटचटली, तसं त्यांनी इंजिन बंद करायला लावलं. वायर लोखंडी पट्टीला घासून चिरली होती आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पट्टीवर उडत होती. वायर अधांतरी धरणारी क्लिप जागेवर नव्हती.

आप्पांनी क्लिपच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "दसऱ्याला वायरी मीच बदलल्या. क्लिप तुटली, म्हटलं नंतर लावू. ही टिकटिक मला तेव्हाच ऐकू यायला पाहिजे होती. चूक माझी आहे."

"कान गेले म्हून काय डोस्कं गेलं काय?" रेखाताई म्हणाल्या. "मले आयकू येत होतं, पन मले काही समजलं काय? शोधून काढलं तुमीच न!"

गजाननभाऊंनी ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा कापून आणला. कोरड्या केलेल्या वायरीवर तो उभा चिरून चढवला, दोरीनं पट्टीपासून लांब ओढून बांधला. गाडी सुरू झाली ती एकदम गुळगुळीत. आप्पांनी नळीपाशी हात धरून खात्री केली तेव्हा कुठे आम्ही निघालो, डिकीत मेथीच्या चार जुड्या घेऊन. पैशाचं नाव काढलं तर रेखाताई म्हणाल्या, "कायले लाजवता?"

परत वाशिमात आलो, पण तिथं इतक्या जुन्या गाडीची वायर मिळाली नाही. जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांनी वायरीचा एक संच आणि क्लिपा सोबत ठेवाव्यात. आम्ही ठिबकच्या भरवशावर मंगरुळपीर, मानोरा करत पोहरादेवी गाठली. यात्रा नसताना जा, निवांत दर्शन होतं. आप्पा देवीपुढे किती तरी वेळ उभे होते. निघताना त्यांनी घंटा वाजवली आणि तिच्या काठाला तळहात लावून थांबले.

चपला घालताना म्हणाले, "मंजू, त्या डॉक्टरांकडे शनिवारी वेळ मिळेल का? प्रत्येक ठिकाणी रेखाताई कुठून आणणार?"

मशीनचा विषय त्या दिवशी मी एकदाही काढला नव्हता.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर दोन वर्षं मी आप्पांशी मोठ्यानं बोलले, पण खरं बोलले नाही, ही बोच उरली. रेखाताईंना ते एका वाक्यात जमलं. मी आप्पांना जपत होते की स्वतःला, कोण जाणे.

मशीन बसवून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पांनी चहाआधीच बोनेट उघडलं. मला गाडी सुरू करायला लावली आणि मान तिरपी करून ऐकत उभे राहिले. एकाएकी त्यांनी बोनेट आपटलं.

"टॅपेट वाजतायत! कधीपासून?"

"वर्ष तरी झालं असेल."

"वर्ष?" आप्पा माझ्यावर कडाडले. "आणि रोज चालवतेस ना ही गाडी? बहिरी आहेस का तू?"