आईचा पंप, आप्पांची विडी

माझ्या आईला टीबी नव्हता. हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलंय की घरातली मुलं आता माझ्या तोंडाकडे बघून हसतात. हसू देत. त्यांनी तिचं जर्मनचं ताट पाहिलेलं नाही.

आम्ही निपाणीचे. मी शाळेत असतानाच वडील गेले आणि घरात कर्ते म्हणून थोरले चुलते उरले. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, आईसुद्धा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. वाळलेला पाला कुटायचा, चाळायचा, पोत्यात भरायचा. नाकाला पदर बांधायचा, एवढीच काय ती काळजी. संध्याकाळी ती परत आली की पापण्यांवरसुद्धा पिवळट धूळ बसलेली असायची. वखारीतल्या बायका शिंकून शिंकून बेजार व्हायच्या आणि वर म्हणायच्या, "एवढ्या तिखट वासात छातीत किडा तरी ऱ्हाईल काय गं?" तंबाखूवर पोट असलं की तंबाखूला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही.

मग आईला खोकला लागला आणि पाठोपाठ धाप. नळावरून घागर आणताना ती मध्येच कुणाच्या तरी भिंतीला टेकायची. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. गावातल्या डॉक्टरने तिच्या छातीला नळी लावली न लावली तोच आप्पांना बाहेर बोलावलं आणि सांगून टाकलं, टीबी. वखारीतली बाई खोकली म्हणजे टीबी, हे त्याचं आधीच ठरलेलं असावं. थुंकी तपासली नाही, छातीचा फोटो काढला नाही. सुया मात्र लगेच सुरू केल्या.

त्याच दिवशी आईचं ताट वेगळं झालं. एक चेपलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट आणि कान तुटलेला कप, मोरीजवळच्या कोनाड्यात. पंगतीला ती सगळ्यात शेवटी, दाराशी बसायची. धाकट्या चुलतभावंडांना तिच्या मांडीवर जायची बंदी झाली. ज्या बाईने त्या पोरांचं हगणंमुतणं काढलं, ती आता लांबूनच त्यांना हाका मारायची. कोणी वाईट बोलायचं नाही, हीच तर गंमत. सगळे गोड बोलून तिला बाजूला सारायचे.

वखारीचा हंगाम संपला की आईचा खोकला कमी व्हायचा. डॉक्टर म्हणायचा, बघा, सुया लागू पडल्या. हंगाम सुरू झाला की धाप परत, आणि डॉक्टरच्या सुयाही परत. वर्षानुवर्षं हे चाललं. धूळ उडते तेव्हाच हिला दम लागतो, एवढी साधी गोष्ट त्या शिकलेल्या माणसाला कशी दिसली नाही, हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या सुयांनी रोग तर गेलाच नाही, उलट आईच्या डाव्या कानाने ऐकणं सोडलं. तो कान रात्रंदिवस नुसता गुणगुणत राहायचा.

पुढे मला बेळगावात शिक्षिकेची नोकरी लागली. पहिल्या सुट्टीत मी आईला जवळजवळ ओढतच एसटीत बसवलं. शाळेतल्या एका बाईंनी छातीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला होता. ते कन्नड बोलणारे होते, मराठी मोडकंतोडकं. आईला समोर बसवून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अव्वा, काम काय करता?"

इतक्या वर्षांत हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. आई सांगू लागली. वखार, पाला, चाळण, धूळ. डॉक्टर ऐकत होते. त्यांनी थुंकी तपासायला पाठवली, फोटो काढायला लावला. दोन्ही बघून झाल्यावर तिच्या हातात काटा असलेली एक नळी देऊन जोरात फुंकायला सांगितलं. काटा जेमतेम हलला. मग त्यांनी एक छोटा पंप काढला, तो तोंडात धरून दाबताना श्वास आत ओढायला शिकवलं, आणि थोड्या वेळाने परत फुंकायला लावलं. काटा वर गेला. आईच्या खांद्यांची वर-खाली होणारी हाडंसुद्धा शांत झाली.

"टीबी नाही," डॉक्टर म्हणाले. "दमा आहे. धूळ बंद करा. पंप रोज सकाळ-संध्याकाळ घ्या, बरं वाटलं तरी घ्या."

आईने जरा विचार केला आणि विचारलं, "मग मी कुणाच्या बी ताटात जेवली तर चालंल?"

डॉक्टरांना प्रश्न कळलाच नाही. मला कळला. मी आनंदाने रडायला हवं होतं, पण मला कुणाच्या तरी कानफटात मारावीशी वाटत होती.

निपाणीला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे ते जर्मनचं ताट कोंबड्यांच्या पाण्याला लावलं. वखारही सुटली. आता सगळं सुरळीत होईल असं मला वाटलं, पण आप्पांनी तो पंप उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "ह्येची सवय लागती. एकदा धरला की मरंपतूर सुटत न्हाय." हे बोलताना त्यांच्या बोटांत विडी होती. ज्या गावाची चूल माणसांच्या सवयीवर पेटते, त्या गावाने माझ्या आईला सवयीची भीती घातली!

आणि खरी अडचण तर पुढेच होती. आमच्याकडे बायका ढीगभर विड्या वळतात, पण कोणी ओढत नाही. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी आई त्यांच्यादेखत तोंडात नळी धरून झुरका कसा मारणार? तिच्या लेखी ते विडी ओढण्यासारखंच होतं. मग पंप कमरेला खोचून ती मागच्या दाराने परड्यात जायची आणि शेणी-गोवऱ्यांच्या ढिगाआड उभी राहून घ्यायची. आप्पा घरात बसलेले असले की घ्यायचीच नाही. डॉक्टरांनी सांगितलेली सकाळ-संध्याकाळ आप्पांच्या उठण्या-बसण्यावर चालू लागली. परत दम लागायला लागला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले होते. चटणीचे दिवस. शेजारच्या घरात मिरच्या भाजायला घेतल्या होत्या आणि तो ठसका भिंतीवरून आमच्या पुढच्या सोप्यात उतरला. आप्पा खाटेवर विडी ओढत बसले होते. आई लसूण सोलत होती. ती एकदम ताठ झाली, तोंड उघडं पडलं, गळ्याजवळचा खड्डा आत-बाहेर होऊ लागला. तशातच तिने कमरेचा पंप मुठीत धरला, त्यावर पदर ओढला आणि भिंतीला धरत मागच्या दाराकडे निघाली.

मी तिला आडवी गेले. "आये, हितंच घे."

"आप्पा... बसल्यात... गं."

"बसूदेत!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडचा उलथन्याचा खणखणाट थांबला. तिच्या मुठीतून पंप काढून मी तिच्या तोंडात दिला आणि दाबला. परत एकदा दाबला. ती तिथेच जमिनीवर बसली.

आप्पा म्हणाले, "थोरामोठ्यांसमोर बाईमाणसानं झुरकं मारायचं? ह्येच शिकून आलीस व्हय बेळगावास्नं?"

माझ्या तोंडाशी कायकाय आलं होतं, ताटापासून कानापर्यंत सगळं. पण आईने माझा हात धरला. तिचा श्वास हळूहळू लांब होत होता. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. मग पंप स्वतःच्या हाताने तोंडात धरला आणि आप्पांच्या समोर, डोळे न झाकता, अजून एकदा घेतला.

"आप्पा," ती म्हणाली, "तेवढी विडी परड्यात जाऊन वढा. धुरानं मला दम लागतोय."

 आप्पा उठले आणि आई इतके दिवस पंप लपवून ज्या दाराने जायची, त्या दाराने विडी घेऊन परड्यात गेले.