गुलनार लंगडी नव्हती

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या एका अरुंद गल्लीत मिशनची खोली होती, आणि दर रविवारी सकाळी तिथं शब्बाथ शाळा भरायची. म्हणजे काय, तर पोरांनी चटईवर बसून येशूच्या गोष्टी ऐकायच्या, गाणी म्हणायची, प्रार्थना पाठ करायची, आणि पाठ झाली की विलायतेहून आलेलं एक रंगीत चित्र घेऊन घरी धूम ठोकायची. आता पोरांची शाळा म्हटल्यावर तिथं पोरंच असणार. पण पहिल्याच रांगेत, दुखरा पाय लांब करून, कल्लेदार मिशांवरून हात फिरवत एक साठी ओलांडलेला बाप्या बसलेला असायचा. हे बळवंतराव जगदाळे, सरकारच्या पागेतले, म्हणजे घोडदळातले, निवृत्त दफेदार.

पोरं त्यांना आबा म्हणत. शिकवणाऱ्या शरयूबाई नगरहून नव्यानं आलेल्या, वयानं त्यांच्या लेकीएवढ्या, पण शिस्त अशी की एखाद्या रिसालदारानं शिकवणी लावावी. बळवंतरावांना ती शिस्त फार आवडायची. हजेरीला बाकीची पोरं ‘आहे बाई’ म्हणत. हे मात्र ताठ बसून ‘हाजिर!’ असं ओरडायचे, आणि समोरच्या हलवायाची जिलबी वाकडी पडायची. हलवाई रविवारपुरता जिलबीऐवजी बर्फी करू लागला म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

हे इथं आले कसे? त्याचं असं झालं. उतारवयात माणसानं हातात काठी घ्यावी, नातवंडं खेळवावीत. पण यांना कुणीतरी म्हणालं, अमक्याचं शिंगरू कुणालाच पाठीवर बसू देत नाही. झालं! दफेदार बसले. शिंगरानंही बसू दिलं, पण फार वेळ नाही. मांडीचं हाड मोडलं आणि सगळा पावसाळा मिशनच्या दवाखान्यातल्या खाटेवर गेला. बायको आधीच देवाघरी गेलेली, मुलगा जयसिंहराव उज्जैनला नोकरीवर. बोलायला कुणी नाही. तेव्हा पाद्री लक्ष्मीकांतराव रोज दुपारी येऊन त्यांना वाचून दाखवू लागले.

पहिल्यांदा बळवंतरावांना पेत्र आवडला. आपल्या धन्याला, येशूला, धरायला लोक आले तेव्हा ज्यानं तलवार उपसून एकाचा कान छाटला, तो पेत्र. ‘शाबास! हा तर आपल्या पागेतला माणूस!’ असं म्हणून ते मोडक्या पायासकट उठून बसायला निघाले. पण पुढं येशूनं तो कान परत जागेवर लावला हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

‘परत लावला? पाद्रीसाहेब, ये कुछ जमा नहीं. छाटलेला कान कधी परत लावतात का?’

‘हा लावतो,’ पाद्री म्हणाले.

ते कानाचं प्रकरण दफेदारांना काही पचलं नाही. पण पुढं एक दिवस त्यांनी ऐकलं, की ज्यांनी हातापायांत खिळे ठोकले त्यांच्यासाठीच हा माणूस मरता मरता प्रार्थना करत होता.  त्या दिवशी संध्याकाळचं जेवण त्यांनी तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाद्री आल्याबरोबर म्हणाले, ‘मी उभ्या जन्मात पुष्कळ सरदार पाहिले. असा नाही पाहिला. मला याच्या पलटणीत घ्या.’

ग्वाल्हेरात बातमी पायी चालत नाही, घोड्यावरून जाते. बळवंतराव घरी पोचायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं होतं. भाऊबंद येऊन रागावले, रडले, पानसुपारी न घेता निघून गेले. यापुढं लग्नाच्या पंगतीत आपलं पान मांडलं जाणार नाही, याचं बळवंतरावांना मनापासून वाईट वाटलं. श्रीखंडाचं तर विशेषच. पण शब्द दिला तो दिला. जबान एकदा गेली की परत घ्यायची नाही, हा त्यांचा जुना बाणा. तो बाणाच पुढं त्यांच्या मुळावर आला.

कारण बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी शिकायला हवं. वाचता येत नसल्यामुळं पाद्रींनी त्यांना पोरांत बसवलं. आणि पोरांच्या त्या चटईवर त्यांच्या शेजारी येऊन बसली लीला. ही कोण? तर संभाजीरावांची नात.

आता संभाजीराव कोण ते सांगायलाच हवं. तेही पागेतलेच दफेदार, आणि बळवंतरावांचे भिंतीला भिंत लागून शेजारी. एकेकाळी दोघं एका ताटात जेवायचे. बळवंतरावांकडं पागेची एक घोडी होती, गुलनार. स्वतः दाणा चारून, स्वतः खरारा करून वाढवलेली. एका दसऱ्याच्या सवारीत तिला सगळ्यांत पुढं चालायचा मान मिळायचा होता. सवारीच्या सकाळी संभाजीराव वरच्या अधिकाऱ्याला जाऊन म्हणाले, ‘जगदाळ्यांची घोडी पुढच्या पायानं लंगडते आहे.’ साहेब घाईत होते. घोडी रांगेबाहेर गेली आणि तिच्या जागी संभाजीरावांचा घोडा चालला. तेवढ्यावर भागतं तर गोष्ट वेगळी. लंगडी म्हणून शिक्का बसलेली घोडी पागेनं काढून टाकली, आणि काही महिन्यांनी बळवंतरावांना ती नया बाजारात एका टांग्याला जुंपलेली दिसली. त्यांना पाहून ती खिंकाळली. ते भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडून रडले, आणि त्या दिवसापासून संभाजीरावांशी एक शब्द बोलले नाहीत. मध्ये कितीतरी दसरे गेले. पुरुषमाणसं सोनं वाटत घरोघर फिरायची. हे दोघं मात्र एकमेकांचं दार टाळून, लांबच्या वळणानं जायचे.

लीलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपली रंगीत चित्रांसाठी यायची. ‘चित्रं आण, धर्म आणू नकोस,’ एवढीच आजोबांची ताकीद होती.

तर बळवंतराव सगळं शिकले. दहा आज्ञा शिकले, बारा शिष्यांची नावं हजेरीपटासारखी घडाघडा म्हणू लागले. प्रभूची प्रार्थनाही दुडक्या चालीनं सुरू व्हायची: स्वर्गातला बाप झाला, त्याचं राज्य झालं, रोजची भाकरी झाली. आणि तिथं एक ओळ येते. आमचं ज्यांनी वाकडं केलं त्यांना आम्ही क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. ती आली की दफेदार लगाम खेचल्यासारखे थांबायचे. तोंड घट्ट मिटायचं. नजर भिंतीकडं.

शरयूबाईंना वाटलं, बिचारे वयामुळं विसरतात. त्यांनी ती ओळ चालीवर बसवून दिली. हातावर बोटं मोजून म्हणायला लावली. लीला तर कानाशी लागून सांगायची, ‘आबा, बोलो न! इतकी सोपी तो है! मला तर झोपेतपण येते.’ संभाजीरावांची नात, आणि नेमकी तीच ओळ! बळवंतराव तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि गप्प बसायचे. म्हातारा मठ्ठ आहे असं पोरांनी ठरवून टाकलं. एका मुलानं तर दयेपोटी आपलं चित्र त्यांना देऊ केलं.

ईस्टरच्या आदल्या रविवारी परीक्षा झाली. पाद्री लक्ष्मीकांतराव आणि ख्रिस्ती मंडळीचे पंच दिनकरराव टेबलामागं बसले. पास झाले तर ईस्टरला बाप्तिस्मा, नाही तर पुढच्या वर्षी. आणि पुढचं वर्ष पाहायला आपण असू की नाही, याची बळवंतरावांना आताशा खात्री वाटत नव्हती. रात्रीचा खोकला वाढला होता. सगळी उत्तरं खणखणीत दिली. मग प्रार्थना. भाकरीपर्यंत आले आणि उभे राहिले.

‘विसरलात का?’ पाद्रींनी हळूच विचारलं.

‘बिलकुल नाही. येते. पण तोंडातून काढणार नाही.’ बळवंतरावांच्या कपाळावर घाम आला होता. ‘साहेब, यात लिहिलंय, आम्ही क्षमा केली. मी कुठं केलीय? संभाजीनं माझ्या गुलनारला लंगडी म्हटलं. मला शिव्या दिल्या असत्या तर सोडलं असतं. मुक्या जनावराला बोलला तो. ती लंगडी नव्हती हो! मग मी देवासमोर उभा राहून झूठ बोलू?’

दिनकरराव मायेनं म्हणाले, ‘अहो दफेदार, एवढं काय मनावर घेता? म्हणून टाका. आम्ही सगळे म्हणतोच की!’

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. गडबडीनं चष्मा काढून पुसू लागले. पाद्री टेबलाकडं बघत राहिले. गेल्याच महिन्यात हार्मोनियम कुणाच्या घरी ठेवायचा यावरून त्यांचं आणि दिनकररावांचं कडाक्याचं वाजलं होतं, आणि अजून एकमेकांकडचा चहा बंद होता.

शेवटी पाद्री म्हणाले, ‘मी तुम्हाला खोटं म्हणायला सांगणार नाही. ईस्टरला आठवडा आहे. शेजारचं दार काही लांब नाही.’

‘एकदा सोडलं की झालं ना? परत तर नाही न सोडावं लागणार?’

‘रोज म्हणायची प्रार्थना आहे ती, बळवंतराव.’

बळवंतराव जे समजायचं ते समजले, आणि त्यांना मुळीच आवडलं नाही.

त्यात लीलानं घरी जाऊन सगळी हकिगत आजोबांना सांगितली. आबांना एक ओळ येत नाही, म्हणून त्यांना पास नाही केलं. संभाजीराव मांडीवर थाप मारून हसले. ‘सांग त्याला, घोडी लंगडी तशी अक्कलही लंगडी!’ पोरीनं इमानदारीनं दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून निरोप पोचवला. आता करा क्षमा! दफेदारांनी चार दिवस अंगणात अशा येरझाऱ्या घातल्या की तुळशीकट्ट्याभोवती वाट पडली.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी पेटीतून पागेतला अंगरखा काढला, पगडी बांधली, मिशांना पीळ दिला आणि द्वंद्वाला निघावं तसे शेजारी गेले. संभाजीराव ओट्यावर हुक्का ओढत होते. कानातली भिकबाळी उन्हात चमकत होती. बळवंतराव तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. पेत्र आठवला असणार.

‘संभाजी,’ ते म्हणाले. त्या नावाला तोंड इतकी वर्षं मुकलं होतं, की आवाज घोगरा आला. ‘तू गुलनारला लंगडी म्हणालास. ते मी सोडलं.’

संभाजीरावांची नळी हातातच राहिली. ‘सोडलंस? वा रे वा! माफी मागायला कोण आलं होतं तुझ्याकडं? लंगडीच होती ती!’

बळवंतरावांचा हात आपोआप कमरेला गेला. तिथं तलवार नव्हती हे दोघांचंही नशीब. मिशी थरथरली, डोळ्यांत पाणी आलं. दात आवळून ते एवढंच म्हणाले, ‘नव्हती. पण सोडलं.’ आणि वळून, आता खरोखरच लंगडत, घरी गेले.

संभाजीरावांचा हुक्का विझला तरी ते तसेच बसून राहिले. भांडायला आलेल्या माणसाला काय म्हणायचं ते त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. पण हा भांडलाच नाही.

ईस्टरच्या सकाळी खोली माणसांनी भरली होती. पोरं पुढं चटईवर. पाद्री पाण्याचं भांडं घेऊन उभे. दिनकररावांनी आपल्या हातानं हार्मोनियम उचलून पाद्रींच्या बायकोपुढं आणून ठेवला, तेव्हा बायकांच्या भुवया वर गेल्या. मग बळवंतरावांनी सगळ्यांसमोर प्रार्थना सुरू केली. बाप झाला, राज्य झालं, भाकरी झाली. आणि थांबले.

शरयूबाईंचा पदर तोंडाशी गेला. लीला न राहवून कुजबुजली, ‘आबा, बोलो न!’

बळवंतरावांची नजर दाराकडं होती. तिथं संभाजीराव उभे होते. नातीला न्यायला आलोय असा आव आणलेला, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. बळवंतरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि ती ओळ म्हटली. अशी म्हटली की समोरच्या हलवायानं हात जोडले.

 आणि दाराकडून आवाज आला, ‘लंगडीच होती.’

संभाजीराव मनाशीच पुटपुटले होते. पण पागेतल्या माणसाचं पुटपुटणं ते, शेवटच्या पोरापर्यंत पोचलं. कुणी हसू दाबलं, कुणी डोळे मोठे केले. बळवंतरावांची मान लाल झाली, हात कमरेला गेला. त्यांनी पाद्रींकडं पाहिलं. पाद्री भांडं धरून तसेच उभे होते.

बळवंतरावांनी हात खाली सोडला. डोळे मिटले. आणि तीच ओळ पुन्हा एकदा म्हटली. या वेळी हळू आवाजात, गुलनारच्या मानेवरून हात फिरवताना तिच्याशी बोलायचे तशी.

संभाजीरावांनी बाहेरचा पाय आत घेतला.